दादा म्हणाला

आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट नागपुरात ठरायची. राहायचो आम्ही रायपूरला, ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात, गल्लीच्या टोकाच्या घरात वरच्या मजल्यावर. पण दूध कुणाकडून घ्यायचं इथपासून स्वरदाला कुठल्या शाळेत घालायचं इथपर्यंत सगळं नागपूरहून यायचं. नागपूरला माझे मोठे दीर राहतात, नरहरी. टेलिफोन खात्यात होते, त्यामुळे अख्ख्या खानदानात पहिला फोन त्यांच्या घरी आला आणि फोनबरोबर मोठेपणही आलं. काही अडलं की माझे यजमान, रत्नाकर, पायात चपला सरकवायचे आणि म्हणायचे, "दादाले विचारून येतो." नाक्यावरच्या बूथवर जायचे, अर्ध्या तासाने परत यायचे आणि दारातूनच सांगायचे, "दादा म्हणाला..."

पुढे जे येईल ती काळ्या दगडावरची रेघ. त्यावर मी तोंड उघडायचं नाही, त्यांनीही नाही.

रत्नाकर सरकारी खात्यात स्टेनो आहेत. साहेब बोलतात, हे उतरवतात. मी कधीकधी चिडवायची, "तुमाले घरी बी कोणी डिक्टेशन देल्याशिवाय करमत नाही." ते हसायचे. स्वभावाने माणूस गरीब आहे, कुणाला दुखवणार नाही. म्हणून तर राग काढायला मला दीरच सापडले.

रागाचं कारणही होतं. स्वरदा दोन वर्षांची असताना भिलाईच्या एका शाळेत मला शिवणकाम शिकवायची जागा मिळाली होती. नेमणुकीचं पत्र हातात आलं होतं. मी नवी पर्स घेतली होती, गाडीचं वेळापत्रक पाठ केलं होतं. रत्नाकर बूथवर गेले आणि आले. "दादा म्हणाला, पोट्टी लहान हाय. सध्या राहू दे." ते ‘सध्या’ बारा वर्षं राहिलं. मी तीन दिवस रडले आणि मग घरीच मशीन टाकून पाऱ्यातल्या बायकांचे ब्लाउज शिवायला लागले. दीर दिवाळीला आले की त्यांच्या बशीतल्या चिवड्यात मी मुद्दाम शेंगदाणे कमी घालायची. त्यांना बिचाऱ्यांना काय कळणार, पण मला जरा बरं वाटायचं.

आता माझंही सांगून टाकते, नाहीतर मी फार साळसूद आहे असं वाटायचं. दोन हजार साली नवं राज्य झालं. सरकारी माणसांना फॉर्म मिळाले, मध्यप्रदेश की छत्तीसगढ ते लिहून द्या म्हणून. रत्नाकरचे साहेब भोपाळला चालले होते आणि यांनाही घेऊन जायला तयार होते. यांच्या मनात भोपाळ होतं. फॉर्म समोर घेऊन ते दोन संध्याकाळी नुसते बसून राहिले, तेव्हाच मी ओळखलं. मी मात्र मनात मोजायला लागले. नवं गाव, नवे शेजारी, आजारी सासरे, पुन्हा गिऱ्हाइकं जमवायची. मला ते झेपणार नाही अशी माझी खात्रीच होती. पण "मला झेपणार नाही" असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी म्हणाले, "दुपारी नाक्यावरून भाऊजींले फोन केला होता. ते म्हणाले, रायपूरच बरं, नागपूर जवळ पडते."

मी कुणालाही फोन केला नव्हता.

रत्नाकरने माझ्याकडे एकदा पाहिलं, छत्तीसगढवर खूण केली आणि पेनाचं टोपण लावलं. रायपूर राजधानी झालं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय आलं, घरभाडी चढली, लाल दिव्यांच्या गाड्या फिरायला लागल्या. यांना मिळालं एका खोलीतल्या चार टेबलांपैकी एक आणि गुटखा खाऊन बोलणारा नवा साहेब. त्यांनी तक्रार म्हणून केली नाही. माझे सासरे तेवढे खूश झाले. शालिग्राम त्यांचं नाव. दोन वर्षांपूर्वी ते नागपूर सोडून आमच्याकडे राहायला आले होते. पोराची बदली टळली म्हणून त्यांनी पाऱ्यातल्या देवळाला वर्षभर रोज अकरा प्रदक्षिणा बोलल्या. अनवाणी.

इथूनच सगळं सुरू झालं. कुठून सुरू झालं ते आता मी नक्की सांगू शकत नाही, पण मला इथूनच वाटतं.

सासऱ्यांना साखरेचा आजार जुना. पायांना कळत नाही, मुंग्या आल्यासारखं वाटतं म्हणायचे. मे महिन्यात रायपूरची फरशी कशी तापते ते इथे राहिलेल्यालाच ठाऊक. सकाळी नळाला पाणी उशिरा आलं की त्यांची अंघोळ उशिरा, अंघोळ उशिरा की देऊळ बारा वाजता. बारा वाजता त्या फरशीवर अकरा फेऱ्या. पाय भाजला तो त्यांना कळलाच नाही. फोड आला तेव्हा हळद लावून फडकं बांधलं आणि वर मोजा चढवला. मेच्या उन्हात मोजा! मी विचारलं तर म्हणाले, "थंडी वाजून राहिली." मलाही तेव्हा सुचलं नाही की या उन्हात कुणाला थंडी वाजते.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, खोलीत वास आला. मी जबरदस्तीने मोजा काढला. करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं होतं आणि लाली वर पावलावर चढली होती. अंगात ताप होता. मला काय वाटलं कोण जाणे, मी स्वरदाच्या कंपासमधला निळा पेन घेतला आणि लाली जिथे संपत होती तिथे पावलावर रेघ ओढली, कापड कापायच्या आधी ओढते तशी. स्वरदा म्हणाली, "मम्मी, ये क्या कर रही हो?" मी म्हणाले, "कुठपर्यंत हाय ते समजन." आमची पोरगी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते.

नऊ वाजता आम्ही समता कॉलोनीतल्या एका नर्सिंग होममध्ये होतो. डॉक्टरांनी पाय पाहिला, दाबला, वास घेतला आणि आम्हाला बाहेर बोलावलं.

"दो उँगलियाँ जाएँगी. आज ही. कल तक रुके तो पंजा, उसके आगे मैं कुछ नहीं कह सकता. बारह बजे से पहले बता दीजिए."

त्यांनी फॉर्म पुढे केला. रत्नाकरने तो हातात घेतला, दोन्ही बाजूंनी वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग पायाने चपला चाचपायला लागले.

"दादाले विचारून येतो," ते म्हणाले.

मी मान हलवली. सासऱ्यांना सलाईन लागलं होतं आणि त्यांचा डोळा लागला होता. मी बाकावर बसले आणि मला एकदम स्पष्ट दिसलं की आता काय होणार. दीर म्हणणार, नागपूरला आणा. दुसरं काही म्हणणारच नाहीत. नागपूरला मोठे डॉक्टर, नागपूरला ओळखी, सगळं नागपूरला. म्हणजे गाडीची वाट पहा, तापातल्या म्हाताऱ्याला त्यात चढवा, पाच-सहा तासांचा प्रवास आणि पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासण्या. आणि ती लाली कुणासाठी थांबणार होती?

मला वाटत होतं, इथेच करावं. आजच, आत्ता. पण मला वाटून काय उपयोग? मी ब्लाउज शिवणारी बाई. माझ्या म्हणण्यावर कुणी माणसाची बोटं कापत नाही. आणि खरं सांगते, मीही कापू दिली नसती. उद्या काही वाईट झालं असतं तर मी कुणाला काय सांगणार होते? इथेच करा हे दिरांच्या तोंडून आलं असतं तर मात्र मला पटलं असतं.

म्हणून मी मागच्या दाराने निघाले. औषधाच्या दुकानात एसटीडी होता. मनात होतं, आपणच आधी दिरांना गाठावं, परिस्थिती नीट सांगावी आणि इथेच करा असं त्यांच्याकडून म्हणवून घ्यावं. नंबर लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी फोन ठेवला आणि परत येताना शंभर पावलांत ठरवून टाकलं. भोपाळच्या वेळी जमलं होतं, आताही जमेल.

मी आले तेव्हा रत्नाकर आधीच येऊन बाकाशी उभे होते.

"दादा म्हणाला," ते म्हणाले, "नागपूरले आणा."

 म्हणजे यांना लागला फोन? मला तीनदा नुसती घंटी आणि यांना लागला? दीर मधल्या वेळात बाहेर गेले असतील, किंवा मी नंबर चुकवला असेल. पण तोंडाशी आलेलं वाक्य मागे जाईना.

"मी बी आत्ताच बोलली भाऊजींशी," मी म्हणाले. "ते तं म्हणाले, इथंच करून टाका."

"तू बोलली?"

"हव."

"कधी?"

"आत्ता. दुकानातून."

"मी बी आत्ताच बोललो."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. सतरा वर्षांच्या संसारात आम्ही इतका वेळ एकमेकांकडे पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, त्यांना माझं खोटं कळलं. आता विचारतील, कुठलं दुकान, काय बोलणं झालं. पण ते हळूच म्हणाले, "मंग दादानं मत बदललं असन. तुले नंतर सांगतलं ना? मंग तेच खरं. इथंच करू."

आता मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला हवं तेच तर झालं होतं! पण उलटंच झालं. माझ्या डोक्यात एवढंच घुमत होतं की यांचं बोलणं खरंच झालं आहे आणि माझं झालेलं नाही. म्हणजे दिरांचं खरं मत नागपूर आहे, आणि मी माझ्या मनातली गोष्ट पुढे रेटून या म्हाताऱ्याचा जीव घेणार आहे.

"नाही, नाही," मी म्हणाले. "तुमाले सांगतलं तेच बरोबर असन. मले नीट आयकू नाही आलं. नागपूरलेच नेऊ."

"काहून? तूच तं म्हणाली, इथं करा."

"मी नाही म्हणाली, भाऊजी म्हणाले."

"तेच तं मी म्हणून राहिलो, दादा म्हणाला तं इथंच करू."

"दादा तं तुमाले नागपूर म्हणाले ना!"

अकरा वाजता डॉक्टर आले आणि म्हणाले, "क्या तय हुआ?" रत्नाकर म्हणाले, "यहीं करेंगे." मी म्हणाले, "नागपूर ले जाएँगे." डॉक्टरांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं आणि ते दुसऱ्या खोलीत गेले. नर्स हसली असं मला वाटलं. मला तिचा भयंकर राग आला, पण चूक तिची नव्हती. बारा वाजले. रत्नाकर स्टेशनला फोन करून गाडी कधी आहे ते विचारून आले, म्हणजे आता ते पुन्हा नागपूरचे झाले होते. तोवर मी इथल्या बाजूची झाले होते. तेवढ्यात स्वरदा डबा घेऊन आली आणि आमचे चेहरे पाहून तो तसाच बाकावर ठेवून बसली.

एक वाजता आम्ही सासऱ्यांच्या खाटेच्या दोन बाजूंना उभं राहून भांडत होतो. आवाज हळू होता, पण भांडत होतो. सासऱ्यांनी डोळे उघडले.

"कोन म्हणालं नागपूरले न्या?"

"दादा, बाबा," रत्नाकर म्हणाले.

"अन् इथं करा म्हणून कोन म्हणालं?"

"भाऊजी, मामाजी," मी म्हणाले.

ते हसले. तापाने ओठ सुकले होते, हसताना फाटले. खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याकडे त्यांनी बोट केलं. "त्याचा खिसा पाय."

स्वरदाने खिशातून पोस्टकार्ड काढलं. दिरांचं अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. कार्ड आठ दिवसांपूर्वीचं होतं. आम्ही सगळे अमरकंटकला जात आहोत, सोमवार ते रविवार घरी कोणी नसेल, प्रकृती सांभाळावी. स्वरदाने ते मोठ्याने वाचलं. मराठी वाचताना ती अडखळते, त्यामुळे एकेक शब्द वेगळा ऐकू आला. मग ती म्हणाली, "तो आप दोनों ने किससे बात की?"

रत्नाकरने कार्ड घेऊन तारीख पुन्हा पाहिली.

"अन् तसं बी," सासरे डोळे मिटून म्हणाले, "नरहरी कधी काय म्हणाला हाय? दहा वरसं मी त्याच्या फोनच्या बाजूले खुर्ची टाकून बसलो. रत्नाकरचा फोन आला का तो आयकून घे अन् म्हणे, तुले वाटन तसं कर रे बाबू. अन् ठेवून दे. दर खेपेले तेच."

मी रत्नाकरकडे पाहिलं. ते सलाईनच्या बाटलीकडे पाहत होते.

मी बाहेर येऊन बाकावर बसले.  बारा वर्षं ज्याच्या बशीतले शेंगदाणे मी कमी केले तो माणूस निर्दोष होता. दूध, शाळा, भिलाई, सगळं माझ्याच घरात ठरलं होतं, माझ्याच नवऱ्याने ठरवलं होतं, ज्याला मी रोज गरम पोळी वाढत होते. मला जोरात ओरडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी भोपाळ आठवलं. मी कोणत्या तोंडाने ओरडणार होते? धड रागावताही येत नाही, धड माफही करता येत नाही, असं माझं झालं. आत त्या म्हाताऱ्याचा पाय, आणि मी इथे बसून पर्स आठवत होते, बारा वर्षांपूर्वीची.

रत्नाकर येऊन शेजारी बसले.

"भिलाई?" मी एवढंच विचारलं.

त्यांनी खिशातला फॉर्म चाचपला. मग म्हणाले, "मले भेव वाटला. तू सकाळी जाशीन, संध्याकाळी येशीन, अन् मधात पोट्टीले ताप आला तं? मले जमणार नाही असं वाटलं. तुले कसं सांगू का मले जमणार नाही?"

"मंग दादाचं नाव काहून घेतलं?"

"माह्या म्हणण्यावर तू नोकरी सोडली असती काय?"

नसती सोडली. 

"भोपाळच्या वेळी मी बी फोन नव्हता केला," मी म्हणाले.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. राग येईल असं वाटलं होतं. आला असता तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मले लय वाईट वाटलं होतं तवा. सतरा वरसं मी विचारून राहिलो, मले दादानं कधी एक गोष्ट सांगतली नाही. अन् तुले एका फोनवर सांगतली."

मला रडू आलं. कशासाठी ते अजूनही नीट कळत नाही.

दीड वाजता डॉक्टर आले. आता आवाज चढला होता. "देखिए, अब उँगलियों की बात नहीं रही. बुखार एक सौ तीन है. अब पंजा जाएगा. शाम तक बैठे रहे तो उसका भी भरोसा नहीं. आप लोग तय करेंगे कि नहीं?"

सकाळी दोन बोटं होती. आम्ही नसलेल्या माणसाशी बोलण्यात साडेचार तास घालवले होते.

"खरं सांग," रत्नाकर म्हणाले. "तुले काय वाटते? तुले."

"तुमी आधी सांगा."

"मले काहीच वाटत नाही. कोणी फोन उचलला नाही तं मी घाबरलो. नागपूर म्हटलं का आणखी कोणीतरी पाहीन अन् मले सही कराव लागणार नाही, एवढंच माह्या मनात होतं. आता तू सांग."

"मले वाटते इथंच. आत्ता. पण मले खात्री नाही."

"काहून वाटते?"

असा प्रश्न मला या घरात पहिल्यांदाच विचारला गेला. माझ्याकडे उत्तर होतं का, तेही मला ठाऊक नव्हतं. मग पेनाची रेघ आठवली. मी त्यांना आत नेलं आणि सासऱ्यांच्या पायावरची चादर दूर केली. निळी रेघ सकाळी सात वाजता लालीच्या कडेला होती. आता लाली रेघ ओलांडून चार बोटं वर गेली होती. मी बोटं ठेवून दाखवली. "सात ते दीड, एवढी चढली. नागपूरले पोचेपर्यंत रात्र होईन. तवा कुठं असन, तुमीच मोजा."

त्यांनी आपली चार बोटं तिथे ठेवली, मग आणखी चार वर ठेवली. ती घोट्याच्या पुष्कळ वर गेली.

"पाय माहा हाय," सासरे डोळे न उघडता म्हणाले, "पन कोनी मले विचारून राहिलं नाही."

आम्ही दोघेही दचकलो. खरंच विचारलं नव्हतं.

"बाबा, तुमी सांगा," रत्नाकर म्हणाले.

"मी तापात हाव. मी काय बी म्हणीन अन् उद्या नाही म्हणीन. तुमीच ठरवा. कोनाचंबी नाव नका घेऊ म्हणजे झालं."

रत्नाकरने खिशातला फॉर्म काढला, घड्या मोडल्या आणि माझ्यासमोर धरला. सही करायला एकच रेघ होती. मी पेन घेतला आणि त्या रेघेवर वीणा हे माझं दोन अक्षरी नाव लिहिलं.  मला वाटलं, संपलं. पण त्यांनी पेन घेतला आणि माझ्या नावाखाली, कोऱ्या जागेत, आपली सही केली. नर्स म्हणाली, "एक ही साइन चाहिए, भैया." ते म्हणाले, "दो रहने दीजिए."

सासरे वाचले. पंजा गेला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीखालचा सपाट भाग पाहिला आणि म्हणाले, "बाकीच्या प्रदक्षिणा आता मनातल्या मनात." त्या वाक्यावर हसावं की रडावं ते मला समजेना. मी पाणी आणायला निघून गेले.

पुढच्या मंगळवारी, सासऱ्यांना घरी आणल्यावर, दीर नागपूरहून आले. दारातूनच त्यांचा आवाज चढलेला. "मी येईपर्यंत दम नाही धरला? नागपूरले आणलं असतं तं पाय वाचला असता! माह्या ओळखीचे डॉक्टर होते तिथं. कोनं ठरवलं हे?"

"मी," रत्नाकर म्हणाले.

"मी," मी म्हणाले. आम्ही एकाच वेळी बोललो.

दीर कधी यांच्याकडे, कधी माझ्याकडे पाहायला लागले. मग खाटेच्या कडेला बसले आणि बापाच्या पट्टी बांधलेल्या पायाला हात लावला. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मी असतो तं मी बी कोनाले तरी विचारतच बसलो असतो," ते म्हणाले. त्या दिवशी मी त्यांच्या बशीत चिवडा वाढला तेव्हा शेंगदाणे वेचून वेचून घातले. त्यांना तेही कळलं नाही.

नागपूरला नेलं असतं तर पाय वाचला असता का? मला ठाऊक नाही. नऊ वाजताच सही केली असती तर दोन बोटांवर भागलं असतं का? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "कह नहीं सकते." मशीनवर बसले की मी अजून हा हिशोब मांडते. भोपाळ, प्रदक्षिणा, फरशी, मोजा, पोस्टकार्ड. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी माझंच नाव येतं, मग त्यांचं येतं, मग पुन्हा माझं. रत्नाकरही मांडत असावेत. रविवारी सासऱ्यांच्या जखमेची पट्टी तेच बदलतात. पहिल्या वेळी मला शेजारी उभं केलं होतं, आता एकटेच करतात.

जून लागला. एका रविवारी सकाळी ते पट्टी बदलून हात धुऊन आले आणि माझ्या मशीनजवळ उभे राहिले. वर्तमानपत्राचा एक तुकडा त्यांच्या हातात होता. भिलाईच्या कुठल्याशा शाळेची जाहिरात होती, शिवणकामाच्या बाई पाहिजेत अशी.

"दादा म्हणत होता," ते म्हणाले, "का तू अर्ज करून पाय."

मी पायडलवरचा पाय थांबवला. "कोण म्हणत होतं?"

त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. आतल्या खोलीतून सासरे खाकरले.

"मी," ते म्हणाले. "मी म्हणून राहिलो."

हे एवढं ऐकायला मला सतरा वर्षं लागली, आणि तेवढ्यासाठी आतल्या खोलीतल्या म्हाताऱ्याचा पाय गेला होता.